प्सोमी की आर्तोस?

अथेन्सला राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी घरमालकीणबाईंनी मला पाव आणायला 'फूर्नोस'मध्ये पाठवलं. कोपऱ्यावरच आहे, म्हणाल्या. ग्रीक लिपी मला वाचता येत होती. इंजिनिअर माणसाला निम्मी अक्षरं अल्फा, बीटा, थीटा, लॅम्डा म्हणून आधीच तोंडपाठ असतात! तर मी पाट्या वाचत वाचत कोपऱ्यापर्यंत गेलो आणि वाचत वाचतच परत आलो. फूर्नोस कुठेच नव्हता. एका दुकानातून ताज्या पावाचा वास येत होता खरा, पण पाटीवर लिहिलं होतं 'आर्तोपिइओ'.

बाई हसल्या. "पेदी मू," म्हणजे आपलं "अरे बाळा," म्हणाल्या, "तेच ते. लिहायचं आर्तोपिइओ आणि म्हणायचं फूर्नोस."

आत जो पाव मिळतो त्याला सगळे 'प्सोमी' म्हणतात. 'आर्तोस' म्हणजेही पावच, पण बाईंच्या तोंडी तो शब्द फक्त चर्चमध्ये आशीर्वाद देऊन वाटतात त्या पावासाठी येतो. मग मला नादच लागला. मासळीच्या दुकानावर 'इख्थिओपोलिओ', आत मात्र 'प्सारी'. वाइनच्या बाटलीवर 'इनोस', टेबलावर 'क्रासी'. प्राचीन ग्रीक लोक वाइन पाणी मिसळूनच पीत. त्या मिसळण्याला 'क्रासिस' म्हणत, आणि त्यावरून हा क्रासी आला. प्सोमीचा मूळ अर्थ घास. पाणी म्हणजे 'नेरो'. जुन्या ग्रीकमध्ये ताज्या पाण्याला 'नेआरोन इदोर' म्हणत. त्यातलं 'पाणी' गळून गेलं आणि नुसतं 'ताजं' उरलं. हे 'इदोर' आणि आपलं 'उदक' एकाच मुळातले. उदक आपण तरी कुठे पितो? पितो पाणी, उदक सोडतो. इथेही अगदी तसंच आहे.

सगळ्यात मजा वाटली ती बातम्या ऐकताना. घर म्हणजे 'स्पीती' आणि पांढरं म्हणजे 'आस्प्रो' (दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेले), पण वॉशिंग्टनचं व्हाइट हाउस मात्र 'लेफ्कोस इकोस'. त्यातला एकही शब्द रंगाऱ्याशी बोलताना कुणी वापरणार नाही.

प्रत्येक वस्तूला अशी दोन नावं का, हे शोधायला गेलो आणि भलत्याच गोष्टीत शिरलो.

१८२१ साली ग्रीकांनी तुर्की सत्तेविरुद्ध बंड पुकारलं. पण नव्या राष्ट्राची भाषा कोणती, हा वाद त्याच्या आधीच सुरू झाला होता. लोक बोलत होते ती भाषा चारशे वर्षांत तुर्की, इटालियन शब्दांनी भरलेली. समोर आदर्श प्लेटोचा. पॅरिसमध्ये राहणाऱ्या आदामान्तिओस कोराईस (१७४८–१८३३) या विद्वानानं मधला मार्ग सुचवला: भाषा लोकांचीच ठेवायची, पण घासूनपुसून. त्यातून पुढे जी लेखी भाषा तयार झाली ती 'काथारेवुसा', म्हणजे शुद्ध होत जाणारी. बोलीभाषा ती 'दिमोतिकी'. कोराईसची थट्टाही तेव्हाच झाली. १८१३ सालच्या 'कोराकिस्तिका' या प्रहसनात एक पंडित कोशिंबिरीसाठी तेल, व्हिनेगर, मीठ आणि भाजी हे सगळं एकात कोंबलेला लांबलचक शब्द बनवतो आणि तो बोलताना त्याच्याच घशात अडकतो. आपल्याकडे रेल्वेच्या सिग्नलला 'अग्निरथगमनागमन...' म्हणण्याचा विनोद आहे ना, त्याचाच हा थोरला भाऊ!

विनोद इथवरच. पुढे जे झालं त्यात हसण्यासारखं काही नाही, आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. आलेक्झांद्रोस पाल्लिस हा राल्ली ब्रदर्स या ग्रीक व्यापारी पेढीचा माणूस. हे राल्ली म्हणजे आपल्याला ठाऊक असलेले 'रॅली'. आज टाटांकडे असलेल्या 'रॅलीज इंडिया'चं नाव त्यांच्यावरूनच आलं. पाल्लिसनं बरीच वर्षं या पेढीसाठी मुंबईत काढली, मग तो लिव्हरपूलला गेला. धंदा सांभाळून उरलेल्या वेळात त्यानं होमरचं 'इलियड' दिमोतिकीत आणलं. मग तो बायबलकडे वळला. १९०१च्या सप्टेंबरात अथेन्सच्या 'आक्रोपोलिस' दैनिकानं त्याचं मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं भाषांतर क्रमशः छापायला घेतलं.

विद्यार्थी खवळले. देवाचे शब्द बाजारच्या भाषेत? त्यातून राणी ओल्गा जन्मानं रशियन, आणि तिनंही नुकतंच एक भाषांतर करवून घेतलेलं. म्हणजे हा स्लाव लोकांचा ग्रीकांना फोडण्याचा कट, अशी हवा पसरली. नोव्हेंबरात मोर्चे निघाले, गोळीबार झाला, आठ माणसं मेली. आर्चबिशपला पद सोडावं लागलं आणि सरकारही गडगडलं. प्राकृतात भागवत लिहिलं म्हणून एकनाथांना काशीच्या पंडितांपुढे उभं राहावं लागल्याची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या कथेचा शेवट गोड आहे. इथे, ज्या विद्यापीठासमोर कोराईसचा पुतळा बसलाय तिथले विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, आणि कारण होतं भाषांतर. त्या पुतळ्याजवळ माझी बस थांबते, त्यामुळे हे आठवल्याशिवाय राहत नाही.

१९११च्या राज्यघटनेत कलमच घातलं गेलं: घटना आणि कायदे ज्या भाषेत लिहिले आहेत ती राज्याची भाषा. १९१७ साली वेनिझेलोसच्या सरकारनं प्राथमिक शाळेत दिमोतिकी आणली, १९२०नंतर ती काढली, पुन्हा आणली... सरकार बदललं की पोरांचं क्रमिक पुस्तक बदलायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळस म्हणजे १९४१-४२. जर्मन ताब्यातल्या अथेन्समध्ये लोक उपासमारीनं रस्त्यात मरून पडत होते, आणि त्याच दिवसांत विद्यापीठानं इओआनिस काक्रिदिस या होमरच्या गाढ्या अभ्यासकावर शिस्तभंगाची कारवाई करून त्याला काही काळासाठी निलंबित केलं. गुन्हा काय, तर एक व्याख्यान जुनी आघातचिन्हं गाळून छापलं!

१९६७ ते १९७४च्या लष्करी राजवटीनं काथारेवुसाला इतकं कवटाळलं की राजवट कोसळली तशी ती भाषाही कोसळली. १९७६ साली शाळेत दिमोतिकी कायम झाली आणि १९८२ साली तीन आघात आणि दोन श्वासचिन्हं जाऊन एकच आघात उरला. आपले न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले, तसंच काहीसं.

म्हणजे दिमोतिकी जिंकली? पूर्ण नाही. पवित्र ग्रंथाचं अधिकृत भाषांतर चर्चच्या संमतीशिवाय करता येत नाही, असं कलम घटनेत अजूनही आहे. आणि दिवसातून शंभरदा कानावर पडणारं 'एन्दाक्सी', म्हणजे 'ठीक आहे', हेच मुळी 'एन ताक्सी', जागच्या जागी असलेलं. यातलं 'ताक्सी' हे चतुर्थीचं रूप, आणि आजच्या ग्रीकमध्ये चतुर्थी उरलेलीच नाही! रोख पैसे द्यायचे तर 'तिस मेत्रितीस', शेकडा म्हणजे 'तिस एकातो', तब्येत विचारली तर 'दोक्सा तो थेओ', देवाची कृपा. सगळ्या मेलेल्या चतुर्थ्या. त्या व्याकरणाच्या पुस्तकातून शिकायला गेलो असतो तर वर्ष गेलं असतं. वाण्याकडे आठवड्यात आल्या.

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीच्या दारावर छापील सूचना लागली: 'दिआकोपी इद्रोदोतिसिस', जलपुरवठा खंडित. तिथेही इदोर आहेच. बाईंनी त्याखाली माझ्यासाठी हातानं चिठ्ठी चिकटवली होती, "दहा वाजता नेरो जाईल, बादली भरून ठेव." प्रत्येक अक्षरावर जुन्या पद्धतीचे आघात आणि श्वास. संध्याकाळी आभार मानले तर त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "चुका असतील, हसू नकोस." १९५०च्या दशकात वरच्या इयत्तेत असताना निबंधात 'स्पीती' लिहिलं म्हणून मास्तरांनी ते लाल शाईनं खोडून वर 'इकिया' लिहिलं होतं. सहावीनंतर शाळा सुटली. तेव्हापासून काही लिहायचं म्हटलं की हात अडखळतो, असं त्या सांगत होत्या.

चिठ्ठीत चुका होत्या की नाही, मला कळलं नाही. ती चिन्हं मी शिकलोच नव्हतो. तसं सांगितलं, तर त्यांनी स्वयंपाकघरातून पेन्सिल आणली आणि म्हणाल्या, "बस. पहिला श्वास."