पूर्णेखालचा समुद्र

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. लहानपणी विहिरीच्या पाण्याने तोंड धुतलं की ओठ चरचरायचे. पाणी खारट का, असं विचारलं की आजीचं उत्तर ठरलेलं असे : “खालतं समुद्र हाये ना बापा, म्हनून.” तालुक्याच्या नावातच दर्या, त्यामुळे मला ते पटूनही गेलं होतं. (नावातला दर्या पाण्याचा नाही. सोळाव्या शतकात वऱ्हाडावर राज्य करणाऱ्या दर्या इमादशहाचा आहे, असं सांगतात.)

हा समुद्र आमच्या घराला एकदा बराच महागात पडला. काकांनी शेतात बोअर घेतला. ठरलेल्या खोलीवर खारं पाणी लागलं, तेव्हा गाडीवाला म्हणाला, अजून खाली जाऊ, समुद्राचा तळ ओलांडला की गोडं पाणी लागेल. काका ‘हो’ म्हणाले. पाणी लागलं, पण आधीच्याहून खारट. त्यावर्षीचे हरभऱ्याचे पैसे जमिनीत गेले. मी तेव्हा पुण्यात नोकरीला नुकताच लागलो होतो. दिवसभर कोडमधली चूक कुठल्या ओळीत आहे हे शोधणाऱ्या माणसाला ‘समुद्राचा तळ’ ही गोष्ट सोडवेना.

पहिला हिशेब सोपा होता. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर आहे आणि अरबी समुद्र तिथून चारशे किलोमीटरांहून दूर. पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला तरी समुद्र सत्तर मीटरांच्या आसपासच चढेल. म्हणजे आजी चुकली. पण हिशेब तिथे संपत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला गाळ काही ठिकाणी साडेतीनशे मीटरांहून जाड आहे. जमिनीच्या उंचीतून तो वजा केला तर गाळाचा तळ आजच्या समुद्रसपाटीच्याही खाली जातो! इथे मी थोडा गडबडलो.

उत्तर उत्तरेला उभं आहे. अकोटहून किंवा अंजनगावहून दिसणारा सातपुडा मैदानातून एकदम भिंतीसारखा उठतो, कारण त्याच्या पायथ्याने गाविलगडचा प्रस्तरभंग जातो. त्याच्या दक्षिणेची जमीन लाखो वर्षं हळूहळू खचत गेली आणि डोंगरातून येणाऱ्या नद्या तो खड्डा भरत गेल्या. तळ खोल आहे तो खचल्यामुळे. समुद्र आला असता तर समुद्री शिंपल्यांचे थर मागे राहिले असते, ते इथे मिळत नाहीत. मिळतो तो नद्यांनी आणलेला गाळ.

शिंपले कसे राहतात हे पाहायचं तर मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात, बाघच्या परिसरात जावं. सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी तिथे पश्चिमेकडून खरोखर समुद्र शिरला होता. कालवं, समुद्री साळू, शार्कचे दात असा त्याचा पुरावा खडकात आहे. वऱ्हाडापर्यंत तो पोचल्याची अशी खूण नाही. त्यानंतर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, दख्खनचा लाव्हा वाहिला आणि गाविलगडाचे डोंगर त्याच काळ्या खडकाचे झाले.

आता गंमत अशी, की समुद्राचा तळही याच जातीच्या खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा असतो. लाव्हा वाहिला त्याच सुमारास आपल्या पश्चिमेची जमीन फाटली आणि सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला. मधल्या भेगेतून लाव्हा वर येत राहिला, थिजत राहिला आणि नवा समुद्रतळ तयार झाला. ते काम आजही चालू आहे. अरबी समुद्रात पाण्याखाली कार्ल्सबर्ग नावाची पर्वतरांग आहे, तिच्या माथ्यावर तळ अजून फाटतो आणि भरतो. मुंबईहून बोटीने निघालं तर आधी दोन-तीनशे किलोमीटर रुंद उथळ भूखंडमंच, मग एकदम उतार, मग खोल मैदान, त्यातून वर आलेली लक्ष्मी नावाची बुडालेली रांग आणि पुढे कार्ल्सबर्ग. कार्ल्सबर्ग हे नाव डेन्मार्कच्या बिअर कंपनीवरून आलं आहे, तिच्या प्रतिष्ठानाने १९२८-३० च्या ‘डाना’ सागरी मोहिमेला पैसा दिला होता. आपल्याकडचा एखादा सोडावाला असा पैसा देईल का, हा वेगळा विषय.

पण मीठ? समुद्रातलं बरंचसं मीठ जमिनीचंच आहे. पाऊस खडक झिजवतो, नद्या क्षार वाहून नेतात, ऊन पाणी उडवतं, क्षार मागे राहतात. तळातल्या ज्वालामुखींचीही त्यात भर पडते. कोट्यवधी वर्षांनी एका लिटरमागे सरासरी ३५ ग्रॅम उरले. पूर्णेच्या खोऱ्यात हीच रीत लहान प्रमाणात चालली असावी, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. खचलेला खोलगट भाग, निचरा होऊ न देणारी चिकण माती, कोरड्या काळातलं बाष्पीभवन. पाणी उडालं, मीठ गाळात अडकलं. समुद्र आला नाही, समुद्र ज्या रीतीने खारट होतो ती रीत मात्र इथे आली. आजी निम्मी बरोबर होती.

या मिठाचा इतिहासही आहे. ब्रिटिशांच्या आधीपासून अकोल्याच्या उत्तरेला दहीहांड्याच्या परिसरात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत. इंग्रजी अमलात ते बंद पडलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ए. बी. विन यांनी १८६९ मध्ये पूर्णेच्या खोऱ्यावर लिहिलं, म्हणजे प्रश्न तेव्हापासून कागदावर आहे. मग १९३० आलं. गांधीजी दांडीला समुद्रावर गेले. वऱ्हाडाला समुद्र नव्हता, विहिरी होत्या. त्या एप्रिलमध्ये दहीहांड्यात सत्याग्रह झाला, विहिरीचं पाणी आटवून मीठ केलं गेलं. वीर वामनराव जोशी, ब्रिजलाल बियाणी ही त्या चळवळीतली नावं. ज्या पाण्याने पिकं जळायची, जे प्यायची सोय नव्हती, ते एकदाच कामाला आलं.

मी हे सगळं काकांना सांगितलं, कागदावर खोऱ्याचं चित्र काढून. खाली जाल तितकं खारं मिळण्याचाच धोका जास्त, गोडं पाणी हवं तर पावसाचं, वरचं, शेततळ्यात धरलेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे समुद्र नाई?”

“नाही.”

“मंग त्या बोअरवाल्याले सांग न हे.”

शेततळं पुढच्या उन्हाळ्यात झालं. बोअरचं तोंड दगड ठेवून बंद केलं आहे. बांधावरून जाताना काका अजूनही पाहुण्यांना तो दगड दाखवतात आणि म्हणतात, खाली समुद्र आहे.