मंडालेचा कैदी आणि रत्नागिरीचा कैदी

१९०८ सालच्या जुलै महिन्याच्या २२ तारखेस, रात्री उशिरा, मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांस त्रेपन्नावे वर्ष लागावयाचे होते. मधुमेहाने शरीर पोखरलेले. त्या रात्रीच त्यांना खास गाडीने अहमदाबादेकडे हलविण्यात आले. साबरमतीच्या तुरुंगातील अन्नाने त्यांचे वजन झपाट्याने उतरू लागले. पुढे काळ्या पाण्याऐवजी साधी कैद ठरली, आणि सप्टेंबर महिन्यात समुद्रमार्गे रंगूनला व तेथून मंडालेच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली.

मार्च २०२० मध्ये सारा देश घरात कोंडला गेला, तेव्हा या मंडालेची आठवण अनेकांनी काढली. एकांतवासात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, प्लेगने केंब्रिज बंद पडले असता न्यूटनने आपल्या खेड्यात बसून मोठे शोध लावले, मग आपणांस काय झाले, असा त्या आठवणीचा सूर असे. या सुराने पुष्कळांचे भले झाले नाही. एका खोलीत चार माणसे, एकाची कचेरी, दुसऱ्याची शाळा, तिसऱ्याचा खोकला, अशा संसारात ‘गीतारहस्य’ लिहून होत नाही म्हणून कोणी खंत करावी, हा टिळकांवरही अन्याय आणि त्या गृहस्थावरही. कोंडवाड्याने ग्रंथ होत नसतो. मंडालेत प्रत्यक्षात काय घडले ते पाहिले, म्हणजे ही गोष्ट अधिक उपयोगाची ठरते.

प्रथम शरीर. मंडालेचा उन्हाळा भाजून काढणारा. कैद्याची जागा लाकडी फळ्यांची; तीतून ऊन, वारा आणि पाऊस या तिघांनाही मज्जाव नव्हता. मधुमेहावर इन्शुलिन हे औषध टिळकांच्या हयातीत निघालेच नव्हते. ते १९२१ नंतरचे. तेव्हा जे काही करावयाचे ते पथ्याने. टिळकांनी भात व गहू सोडून सातूचे पीठ, दूध, दही, तूप यांवर राहण्याचे ठरविले आणि ते पाळले. स्वयंपाकासाठी त्यांना कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी देण्यात आला होता. या कुलकर्ण्यांनी पुढे आठवणी सांगितल्या म्हणूनच तेथील दिवसाची घडी आपणांस ठाऊक आहे. पहाटे उठणे, ईश्वरचिंतन, मग वाचन, स्नान, भोजन, पुन्हा वाचन. संध्याकाळी लवकर जेवण, कारण त्यानंतर कोठडी बंद व्हावयाची. पुढे झोपेपर्यंत पुन्हा पुस्तक. चालणे-फिरणे काय होईल ते कुंपणाच्या आतच. या दिनक्रमात असामान्य असे काही नाही. असामान्य एवढेच की तो सहा वर्षे मोडला नाही. मध्यंतरी मंडालेच्या तुरुंगात पटकी उद्भवली, तेव्हा त्यांना काही काळ मिक्टिला येथील तुरुंगात हलविण्यात आले होते. साथ म्हणजे काय हे त्यांना नव्याने शिकावयाचे नव्हते. १८९७ च्या प्लेगात पुण्यातील अनेक पुढारी गाव सोडून गेले असता ते मागे राहिले होते आणि रोग्यांसाठी रुग्णालय चालवीत होते. १९०३ साली त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला.

आता कामाविषयी. राजकारणावर एक अक्षर लिहावयाचे नाही, वर्तमानपत्र नाही, पत्रे मोजकी आणि तीही तपासून जाणारी. सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून बांधलेल्या वह्या मिळत. शाईला मनाई, म्हणून शिसपेन्सिल. पुण्याहून भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्यामार्फत पुस्तके मागविली जात. शेवटी त्यांची संख्या सुमारे ४०० वर गेली. जर्मन, फ्रेंच व पाली या भाषा वाचण्यापुरत्या त्यांनी तेथेच आत्मसात केल्या. ही भाषांची हौस नव्हे. जी पुस्तके मुळातून पाहावयाची होती त्यांसाठी ती पायपीट होती. वेदांगज्योतिषावरचे इंग्रजी लेखनही तेथलेच. ते त्यांच्या निधनानंतर १९२५ साली छापले गेले. म्हणजे एकाच कामावर सर्व भिस्त टाकून ते बसले नव्हते. एक विषय थकवू लागला की दुसरा हाताशी असे.

आणि ‘गीतारहस्य’? त्याचा पहिला मसुदा शके १८३२ च्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून फाल्गुनाच्या अमावास्येपर्यंत, म्हणजे १९१०-११ च्या एका हिवाळ्यात, पुरा झाला, असे टिळकांनीच प्रस्तावनेत नमूद केले आहे. शिक्षेच्या सुमारे ७० महिन्यांपैकी हे पाच. मंडालेत सुसह्य ऋतू तोच एक, हेही ध्यानी घ्यावे. त्याआधीची दोन वर्षे वाचनात गेली होती. त्याहीआधी, १८७२ साली, सोळा वर्षांचा बाळ आपल्या वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांना गीतेवरील प्राकृत टीका वाचून दाखवीत होता आणि तेव्हाच त्याच्या मनात प्रश्न उठला होता, हेही प्रस्तावनेतच आहे. अडतीस वर्षे मनात मुरलेल्या विषयाला तुरुंगाने पाच महिन्यांची बैठक दिली. कारागृहाच्या भिंतींना याहून अधिक श्रेय देण्याचे कारण नाही. त्याच सुमारास अंदमानात सावरकर काथ्या कुटीत होते, कोलू ओढीत होते. त्यांना वहीही नव्हती, म्हणून भिंतीवर कोरून कविता पाठ कराव्या लागल्या. साधी कैद आणि सक्तमजुरी यांत किती अंतर आहे हे टिळकांचे चरित्र वाचताना विसरता कामा नये.

परंतु या गोष्टीला एक जोडगोष्ट आहे, आणि ती मला अधिक बोलकी वाटते. मंडाले ही ब्रह्मदेशच्या राजांची राजधानी. तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात, १८८५ च्या नोव्हेंबरात, इंग्रजांनी थिबा राजास पदच्युत केले आणि पुढील वर्षी त्याला आणून ठेवले ते रत्नागिरीस. म्हणजे टिळकांच्या जन्मगावी! रत्नागिरीचा माणूस मंडालेत बंदिवान, मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान, आणि दोन्ही किल्ल्या एकाच सरकारच्या कमरेला. टिळक सातूच्या पिठावर दिवस काढीत होते त्याच सुमारास, १९१० साली, राजासाठी रत्नागिरीत टेकडीवर ऐसपैस राजवाडा बांधून पुरा झाला. तो आजही उभा आहे.

थिबाच्या वाट्याला लाकडी कोठडी आली नव्हती. राण्या होत्या, मुली होत्या, नोकरचाकर होते, सरकारी तनखा होता. खाली समुद्र. तो अडाणीही नव्हता. राज्यावर येण्यापूर्वी तो मठात शिकला होता आणि पाली धर्मग्रंथांची परीक्षा त्याने उत्तम रीतीने दिली होती. जी पाली टिळक पन्नाशीनंतर अक्षरे लावीत शिकले, ती त्याला तरुणपणीच येत होती. तरी त्या ३० वर्षांच्या रत्नागिरी-वासातून काय उरले? तनख्यासंबंधीच्या तक्रारी, सावकारांचे तगादे, एकेक करून विकलेली माणके. १९१६ च्या डिसेंबरात तो तेथेच वारला.

यावरून राजाला आळशी आणि टिळकांना उद्योगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. टिळकांच्या शिक्षेला मुदत होती. अपिलासाठी दादासाहेब खापर्डे विलायतेस जाऊन खटपट करीत होते, ती फळास आली नाही. राजकारण सोडण्याच्या अटीवर सुटका घेण्यास टिळक तयार झाले नाहीत. तरी १९१४ हा आकडा पुढे दिसत होता आणि त्यानंतर करावयाची कामे तयार होती. थिबाच्या बंदिवासाला तारीखच नव्हती. त्याचे जे काही होते ते सर्व मागे राहिले होते. ज्याला उद्या नाही त्याने आजचे वेळापत्रक कशाच्या आधारे आखावे? २०२० मध्ये टाळेबंदी प्रथम १४ एप्रिलपर्यंत, मग ३ मेपर्यंत, मग १७, मग ३१, अशी वाढत गेली, तेव्हा घरी बसून काम करणाऱ्यांना जो शीण आला तो कामाचा थोडा आणि या सरकत्या तारखेचा फार होता. त्या दिवसांत ज्यांनी निदान जेवणाची, झोपेची आणि काम आटोपण्याची वेळ स्वतः ठरवून घेतली, त्यांनी बाहेरून न मिळणारी मुदत आपल्या घरापुरती तरी निर्माण केली.

आणखी एका व्यक्तीचा उल्लेख राहतो. मंडालेच्या कैद्याचा दिवस आपणांस तासागणिक सांगता येतो. पुण्याच्या गायकवाड वाड्यात त्याची वाट पाहणाऱ्या सत्यभामाबाईंचा दिवस कसा जाई, याची नोंद ठेवण्याचे फारसे कोणास सुचले नाही. दिनक्रम पुरुषांचे लिहिले जातात आणि घर मात्र आपोआप चालते असे मानले जाते; ही रीत २०२० मध्येही फारशी बदललेली दिसली नाही. ७ जून १९१२ रोजी सत्यभामाबाई वारल्या. तार मंडालेस पोहोचली. संकटे शांतपणे सोसण्याची आपणास सवय आहे, तरी हा धक्का मोठा आहे, अशी कबुली टिळकांनी भाच्यास पाठविलेल्या पत्रात दिली. मुलांच्या शिक्षणात खंड पडू देऊ नये, ही सूचनाही त्यांनी केली. वाचन पुढे चालू राहिले. सुटकेस दोन वर्षे होती.

१६ जून १९१४ च्या मध्यरात्री टिळकांना पुण्यास आणून सोडण्यात आले. वह्या सरकारने लगेच परत केल्या नाहीत. त्या न आल्यास सारा ग्रंथ आठवणीने पुन्हा लिहून काढीन, असे ते म्हणाल्याचे सांगतात. वह्या आल्या, आणि १९१५ च्या जून महिन्यात ग्रंथ छापून निघाला. माधवराव सप्रे यांनी त्याचे हिंदी भाषांतर केले. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या या मराठी माणसाच्या लेखणीतून तो उत्तर हिंदुस्थानात पोहोचला. १९१६ च्या एप्रिलात बेळगावास होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा टिळक साठीच्या उंबरठ्यावर होते. मधुमेह तसाच होता, आणि पथ्यही.