दोन ताटं, दोन भाज्या

आमच्या मामाकडे नवराबायको कधी एकच भाजी खात नसत. मामीच्या ताटात दुधी, तर मामाच्या ताटात भेंडी. पारल्याच्या त्या घरी सुट्टीत राहायला गेले की मला वाटे, या दोघांचं काहीतरी बिनसलंय. खरं कारण फार उशिरा कळलं. विमानात कॅप्टन आणि को-पायलट वेगवेगळं जेवतात; एकाला अन्न बाधलं तर दुसऱ्याला विमान उतरवता यायला हवं. मामा वैमानिक, मामी एअर होस्टेस. तिनं थट्टेत हा नियम घरी आणला आणि तो लोणच्यासारखा मुरला. सूट फक्त कुळथाच्या पिठल्याला. "त्यानं आजवर कोणी आजारी पडलं नाही हो," हा आजीचा निकाल.

आजी गुहागरकडची. 'हवाई सुंदरी' हा शब्दच तिला सोसत नसे. "सुंदरी म्हणायचं नि ताटं उचलायला लावायचं, हे कसलं कौतुक?" सून घरी आली, तीही नवऱ्याला 'अहो' न म्हणता 'कॅप्टन' म्हणणारी. आजी शेजारी सांगून आली, "आमच्याकडे पलटणीतली सून आल्येय."

हे लग्न चार वर्षं अडलेलं होतं. पत्रिकेमुळे नव्हे, कंपनीच्या नियमामुळे. त्या काळी होस्टेसनं नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जायची. पहिल्यांदा दिवस गेले तरी जायची. यातून निभावलीच तर पस्तिसाव्या वर्षी घरी. बरोबरीचे पुरुष पर्सर मात्र अठ्ठावन्नपर्यंत. मामी 1973 साली लागली की 74 साली, यावर आईचं आणि तिचं अजून एकमत नाही. पण ती चार वर्षं दोघं रोस्टर बघून भेटत, एवढं नक्की. तो रात्री उतरायचा, ती पहाटे उडायची. मधल्या दोन तासांत सांताक्रूझला इराण्याचा चहा. लाइनमधली लग्नं अशीच जुळतात म्हणे. बाहेरच्याला ही झोपेची नि सणवारांची उलथापालथ समजत नाही.

लग्न 1978 च्या फेब्रुवारीत व्हायचं ठरलं. आणि 1 जानेवारीच्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो सांताक्रूझहून उडालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. 213 माणसं होती, एकही वाचलं नाही. मामा त्या दिवशी घरीच होता, पाय पसरून झोपलेला. तरी आजीनं देव पाण्यात घातले. "हा घरात आहे गो, पण उद्याचं काय?" असं ती आईला म्हणाली. लग्न ठरल्या तारखेलाच झालं. पंगतीत श्रीखंड होतं की जिलबी, ते मात्र आता कुणालाच सांगता येत नाही.

1980 मध्ये मामीला दिवस गेले आणि नोकरी गेली. वय अठ्ठावीस. कंपनीचं नाव ती आजही घेऊ देत नाही. खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1981 मध्ये, नर्गेश मीरझा या एअर होस्टेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची ती अट रद्द केली. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली. बातमी आली तेव्हा मामी मुलीला मऊभात भरवत होती. तिनं पेपर वाचला, घडी घातली आणि संध्याकाळी त्यावर वालाच्या शेंगा सोलल्या. तिच्या तोंडून त्याबद्दल दुसरा शब्द मी ऐकलेला नाही.

1982 च्या ऑक्टोबरात मामानं मला जुहूला नेलं. पन्नास वर्षांपूर्वी जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन विमान आणलं होतं, त्याच वाटेनं ते पुन्हा एकटे उडत येणार होते. वय अठ्ठ्याहत्तर. एवढंसं विमान उतरताना मी मामाच्या खांद्यावरून पाहिलं, असं मला आठवतं. आई म्हणते, तू त्या दिवशी तापानं घरी होतीस, पेपरातला फोटो आठवत असेल. असेलही. खांदा मात्र खरा होता.

वैमानिकाचं तेव्हा चाळिशीनंतर दर सहा महिन्यांनी मेडिकल असायचं. त्याआधीचे पंधरा दिवस घरात सोवळं असे: साखर बंद, तळण बंद, मामा पहाटे पारल्याच्या गल्ल्यांतून पळतोय. आजी तेवढ्यातही हळूच एक उकडीचा मोदक पुढे सरकवायची. एक्कावन्नाव्या वर्षी ईसीजीनं दगा दिला. लायसन्स गेलं, अठ्ठावन्नला सात वर्षं उरलेली असताना. एका कागदानं.

मग तो दिवसभर गॅलरीत उभा. आवाजावरून विमान ओळखायचा. "जेआरडी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उडाला, आणि मी?" असं रोज म्हणायचा. रविवारी त्याचा एक पारशी दोस्त यायचा, फ्लाइट इंजिनिअर. नव्या विमानांत दोनच माणसांची कॉकपिट आली, त्याची खुर्चीच निघाली. "तुझं तर लायसन्स गेलं, डिकरा, माझी सीट गेली," म्हणत ब्रूनमस्का चहात बुडवायचा.

मामीनं महिनाभर ऐकून घेतलं. मग एके सकाळी मामाच्या हातात पिशवी दिली. "कॅप्टन, विमान उतरलं की रनवेवर उभं राहायचं नसतं. मागून दुसरं येत असतं. दूध, लाइटबिल, आणि भाजी दोन प्रकारची." मामा गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. पुढे भाजीवाल्याशी घासाघीस करण्यात तो इतका तयार झाला की बिल्डिंगमधल्या बायका त्याच्याबरोबर बाजारात जाऊ लागल्या. अठ्ठाविसाव्या वर्षी आपली आपण उतरलेली ती बाई; एक्कावन्नाव्या वर्षी उतरलेल्याला वाट तिनंच दाखवायची होती.

2006 मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलला. दोन वैमानिकांच्या विमानात साठीची मर्यादा पासष्ट झाली. मामानं बातमी मोठ्यानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "आज फरसबी आणू का?"

आता मामा नाही. परवा पारल्याला गेले तर ओट्यावर दोन भाज्या होत्या. मला पडवळ वाढलं, तिनं कोबी घेतला. मी कोबीकडे हात नेला तर हातावर चापटी बसली. नियम म्हणजे नियम.