सूतिकाज्वर-प्रतिबंध, रुग्णालयीन
प्रसूतीनंतर जननमार्गात जंतुसंक्रामण होऊन येणाऱ्या तीव्र ज्वरास सूतिकाज्वर म्हणतात. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत यूरोपातील प्रसूतिरुग्णालयांत त्याच्या साथी वारंवार उद्‌भवत व अनेक बाळंतिणी दगावत. शुश्रूषा करणाऱ्याच्या हातूनच रुग्णास अपाय होऊ शकतो, हे या रोगाच्या इतिहासावरून स्पष्ट झाले. ॲलेक्झांडर गॉर्डन यांनी ॲबर्डीन येथे १७९५ मध्ये व ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी बॉस्टन येथे १८४३ मध्ये तसे प्रतिपादन केले होते. तथापि दूषित हवेसारख्या कारणांवरच बहुसंख्य वैद्यांचा विश्वास होता.

व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी, तर दुसऱ्यात सुइणी शिक्षण घेत. १८४६ मध्ये पहिल्या विभागात सु. ११.४ टक्के, तर दुसऱ्यात सु. २.८ टक्के माता मृत्यू पावल्या. पहिल्या विभागात दाखल करू नये म्हणून स्त्रिया गयावया करीत. तेथील साहाय्यक वैद्य इग्नाट्स सेमेलव्हाइस (१८१८–६५) यांनी हवामान, आहार, गर्दी इ. कारणे एकेक करून तपासली. दोन्ही विभागांत ती जवळजवळ सारखीच होती. गर्दी तर दुसऱ्या विभागातच अधिक असे.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे सहकारी याकोप कोलेच्का हे शवविच्छेदनाच्या वेळी बोटास सुरी लागून मरण पावले. त्यांच्या शवात आढळलेल्या विकृती सूतिकाज्वराने मृत झालेल्या स्त्रियांमधील विकृतींसारख्याच होत्या. विद्यार्थी व वैद्य शवविच्छेदनगृहातून थेट प्रसूतिविभागात येत; सुइणी शवविच्छेदन करीत नसत. हातांना चिकटलेले शवद्रव्यच रोगास कारण होते, असा निष्कर्ष सेमेलव्हाइस यांनी काढला व मे १८४७ पासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या विद्रावाने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये सु. १८ टक्के असलेली मर्त्यता जूनमध्ये सु. २ टक्क्यांवर आली. १८४८ मध्ये दोन्ही विभागांतील प्रमाण जवळजवळ समान म्हणजे सु. १.३ टक्के होते. पुढे जिवंत रुग्णाच्या दूषित स्रावामुळेही रोग पसरतो, असे आढळल्यावर प्रत्येक तपासणीपूर्वी हात धुण्याचा नियम झाला.

हा उपाय सोपा असला, तरी त्याचा स्वीकार सोपा नव्हता. त्यामागील जंतूंचे ज्ञान तेव्हा उपलब्ध नव्हते. शिवाय तो मान्य करणे म्हणजे आपल्याच हातून मृत्यू घडल्याची कबुली देणे होते. १८४९ मध्ये सेमेलव्हाइस यांची मुदत वाढविण्यात आली नाही. पेस्ट येथील रुग्णालयात त्यांना पुन्हा यश मिळाले. परंतु त्यांचा सविस्तर ग्रंथ १८६१ मध्येच प्रसिद्ध झाला व त्यातील कडवट टीकेमुळे विरोध वाढला. १८६५ मध्ये मनोरुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. जोसेफ लिस्टर यांची पूतिरोधक शस्त्रक्रियापद्धती १८६७ मध्ये प्रसिद्ध झाली व १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी या रोगातील साखळीसारखे जंतू दाखविले. त्यानंतर सेमेलव्हाइस यांच्या मताचे महत्त्व पटत गेले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये रुग्णसुरक्षेच्या आपल्या पहिल्या जागतिक मोहिमेसाठी हातांच्या स्वच्छतेचाच विषय निवडला. मृत्यूंची प्रामाणिक नोंद, दोन विभागांची तुलना आणि दोष आढळताच कार्यपद्धतीत बदल ही व्हिएन्नातील त्रिसूत्री रुग्णालयीन सुरक्षेस आजही आधारभूत आहे.