गुडघ्यावरचा ठोका : एक शोध, दोन नावे

१/ गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीचा हलका ठोका पडतो आणि पाय आपोआप पुढे उडतो. ही साधी तपासणी वैद्यकशास्त्रात रुजली ती १८७५ नंतर. त्यामागे दोन जर्मन वैद्यांचा एक मतभेद आहे.

२/ हायडेलबर्गचे विल्हेल्म एर्ब आणि बर्लिनचे कार्ल वेस्टफाल यांनी त्या वर्षी एकाच नियतकालिकात, लगोपाठच्या पानांवर, स्वतंत्रपणे हीच हालचाल वर्णिली. वेस्टफाल त्या नियतकालिकाचे संपादकही होते.

३/ निरीक्षण एकच, पण नावे निराळी. एर्ब यांनी तिला 'प्रतिक्षिप्त क्रिया' म्हटले: संवेदना मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तेथून स्नायूला आज्ञा येते. वेस्टफाल यांनी केवळ 'गुडघ्याचा आविष्कार' एवढेच म्हटले. त्यांच्या मते ठोक्यामुळे स्नायूच थेट चाळवला जात होता.

४/ वाद शब्दांचा वाटेल, पण त्याची पार्श्वभूमी गंभीर होती. टेबीझ डॉर्सॅलिस हा मज्जारज्जूचा विकार तेव्हा अनेकांना जडत असे. चाल अडखळे, डोळे मिटले की तोल जाई. हा उपदंशाचा उत्तरपरिणाम, हे पुढे सिद्ध झाले.

५/ या रुग्णांत गुडघ्याचा झटका नाहीसा होतो, हे वेस्टफाल यांनी दाखवले. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, उपदंशाची वासरमन चाचणी १९०६ ची. त्याआधीच्या काळात जिवंत माणसाच्या मज्जारज्जूविषयी बाहेरून काही सांगणारी ही खूण अनमोल होती.

६/ गंमत अशी की हीच खूण एर्ब यांच्या बाजूने बोलत होती. टेबीझमध्ये मांडीचा स्नायू बळकट राहू शकतो; बिघडतात ते मज्जारज्जूकडे संवेदना नेणारे तंतू. मग स्नायू शाबूत असताना झटका का जावा? स्नायूचा नैसर्गिक ताण हरवतो म्हणून, असे वेस्टफाल यांचे उत्तर होते.

७/ त्यांना पाठबळही मिळाले. ठोका आणि झटका यांमधला वेळ इतका अल्प होता, की तेवढ्यात संदेश मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येणे काही शास्त्रज्ञांना अशक्य वाटे. आज कारण ठाऊक आहे: या वाटेवर संवेदी पेशी थेट प्रेरक पेशीला भेटते, मध्ये तिसरी पेशी नसते.

८/ वेस्टफाल १८९० मध्ये निवर्तले. १९२४ मध्ये लिडेल आणि शेरिंग्टन यांनी प्रयोगांतून दाखवले, की ताणलेला स्नायू मज्जारज्जूमार्गे प्रतिक्षिप्तपणे आकुंचन पावतो. एर्ब यांची मांडणी टिकली.

९/ म्हणून 'पहिला कोण?' हा प्रश्न येथे अपुरा ठरतो. कारणमीमांसा एर्ब यांची खरी ठरली. पण झटका नसण्याचा अर्थ रुग्णशय्येपाशी वाचायला वेस्टफाल यांनी शिकवले. स्पष्टीकरण चुकूनही निरीक्षण खरे असू शकते, आणि त्याचा लाभ रुग्णाला मिळू शकतो. विज्ञानाचा इतिहास वाचताना या दोन गोष्टींचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.