'फुल फ्रेम'मधलं 'फुल' आलं कुठून? सांगवीच्या घाटावरून कॅमेऱ्याचा थोडा इतिहास



पीएचडीला प्रवेश घेण्याच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांनी एक प्रश्न विचारला आहे. फील्डवर्कसाठी फुल फ्रेम डीएसएलआर घ्यावा का? फेलोशिपचे पैसे त्यात घालावेत का? सरळ हो किंवा नाही असं उत्तर देता येईल, पण त्याचा तुम्हाला फारसा उपयोग होणार नाही. म्हणून आज थोडं मागे जाऊ. जे उपकरण आपण विकत घेतो किंवा विभागाकडून उसनं घेतो, त्याची मापं कुणी ठरवली आणि का ठरवली, हे माहीत असलं की त्यातून येणाऱ्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते कळतं.

आधी माझं काम थोडक्यात. जुन्या सांगवीच्या घाटावरून पवना नदीतल्या जलपर्णीचे मी दर महिन्याला फोटो घेतो. जागा तीच, उंची तीच, लेन्सही तीच, ५० मिमीची. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम डीएसएलआर आहे. सांगवी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एका बाजूला मुळा, दुसऱ्या बाजूला पवना आणि थोडं पुढे दोघींचा संगम. मुळेपलीकडे औंध, पवनेपलीकडे दापोडी. हिवाळा सरला की पाणी संथ होतं आणि जलपर्णी पसरत जाते. मार्च-एप्रिलमध्ये नदी आहे की हिरवं मैदान, असा प्रश्न पडतो. पावसाळ्यात पहिला मोठा लोंढा आला की सगळं वाहून जातं. हा बदल मोजायचा आहे. 'खूप पसरली' हे घाटावरचं कुणीही सांगेल, 'किती पसरली' हे मला सांगता आलं पाहिजे.

कॅमेऱ्याआधीचं दापोडी

नदीच्या पलीकडे जे दापोडी दिसतं, तिथे १८२८ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने एक वनस्पती उद्यान सुरू केलं होतं. इंग्रजी कागदपत्रांत त्याचं नाव 'दापुरी' असं येतं. अलेक्झांडर गिब्सन हे डॉक्टर पुढे तिथले अधीक्षक झाले. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका चित्रकाराकडून वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रं काढून घेतली. आज ती एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत.

छायाचित्रण १८३९ मध्येच जगासमोर आलं होतं. मग चित्रकार कशाला? कारण त्या वेळच्या कॅमेऱ्याला रंग टिपता येत नव्हता. चित्रकार रंग टिपत होता, शिवाय एकाच पानावर फूल, फळ आणि त्यांचे उभे-आडवे छेद मांडू शकत होता. थोडक्यात, नवं उपकरण आलं म्हणून जुनं लगेच टाकाऊ झालं नाही. कोणत्या प्रश्नासाठी कोणतं साधन, हाच हिशोब तेव्हाही होता.

कॅमेराही आपल्याकडे लवकर रुजला. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्याशी जोडलेले होते. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. म्हणजे आपल्याकडे कॅमेरा अगदी सुरुवातीपासून विज्ञान शिकलेल्या माणसांच्या हातात होता.

३५ मिमीची पट्टी

आता मुख्य मुद्दा. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमीचा सेन्सर. पण हेच माप का? ४० × ३० का नाही? यामागे प्रकाशशास्त्राचा कुठलाही नियम नाही. हे माप सिनेमातून आलं.

१८९०च्या दशकात एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ७० मिमी रुंदीची ईस्टमन फिल्म उभी चिरून ३५ मिमीची पट्टी केली. दोन्ही कडांना भोकं पाडली आणि चार भोकांमागे एक चित्र ठेवलं. ती चौकट साधारण २४ × १८ मिमीची. पुढे जगभरचा सिनेमा याच पट्टीवर धावला. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले तोही याच पट्टीचा, आणि १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'ही याच पट्टीवर चित्रित झाला.

फाळक्यांची एक गोष्ट संशोधन करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. चित्रपटाला भांडवल मिळावं म्हणून त्यांनी आधी एक छोटी फिल्म बनवली. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडंथोडं चित्रण करून त्याची वाढ टिपली. पडद्यावर काही क्षणांत बीचं रोप झालं. आज आपण ज्याला टाइम-लॅप्स म्हणतो तेच हे. कॅमेरा एका जागी, विषय एकच, ठरावीक अंतराने नोंद. माझी जलपर्णीची मालिका पद्धतीच्या दृष्टीने यापेक्षा फार वेगळी नाही.

त्याच सुमारास जर्मनीत वेट्झलार गावी, लाइट्झ कंपनीत ऑस्कर बारनॅक नावाचे तंत्रज्ञ एक छोटा कॅमेरा घडवत होते. दम्यामुळे त्यांना काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा घेऊन फिरणं झेपत नव्हतं. त्यांनी सिनेमाची फिल्म कॅमेऱ्यात आडवी घातली आणि दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. १८ ची दुप्पट ३६, उंची २४. झालं, ३६ × २४! १९२५ मध्ये हा कॅमेरा 'लायका' नावाने बाजारात आला आणि पुढे हेच माप रूढ झालं. गंमत म्हणजे काचेच्या मोठ्या प्लेटा वापरणाऱ्या छायाचित्रकारांच्या लेखी ही चौकट अगदीच चिमुकली होती. तिला 'पूर्ण' म्हणण्याची कल्पनाही कुणाला सुचली नसती.

मग 'फुल' केव्हा झालं?

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधली. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा जोडला, फक्त १०० × १०० पिक्सेलचा. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे.

पण ३६ × २४ चा सेन्सर व्यवहारात यायला २००२ साल उजाडलं. इतका उशीर का? कारण सिलिकॉनच्या चकतीत आहे. २०० मिमी व्यासाच्या चकतीचं क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौ. मिमी. त्याला ८६४ ने भागलं तर ३६ सेन्सर येतात, पण चकती गोल आणि सेन्सर चौकोनी, त्यामुळे कडेचे तुकडे वाया जाऊन हाती त्याहून बरेच कमी लागतात. त्यात धुळीचा एखादा कण पडला तर मोठा सेन्सर बाद होण्याची शक्यता जास्त. शिवाय चिप छापणाऱ्या यंत्राचं क्षेत्र ३६ मिमीपेक्षा लहान असतं, म्हणून एकच सेन्सर तुकड्यातुकड्यांत छापून अचूक जोडावा लागतो.

यातून सोपी वाट म्हणून कंपन्यांनी लहान सेन्सर बसवले. १९९९ च्या निकॉन डी१ मध्ये सेन्सर साधारण २४ × १६ मिमीचा होता. लोकांकडच्या जुन्या लेन्स त्यावर बसायच्या, पण चित्राच्या कडा कापल्या जायच्या. ५० ची लेन्स ७५ सारखी वागायची. या 'कापलेल्या' चौकटीशी तुलना करताना जुनं माप 'पूर्ण' ठरलं. २००२ मध्ये कॉन्टॅक्स एन डिजिटल आणि ११ मेगापिक्सेलचा कॅनन वनडीएस आले, २००५ मध्ये त्या मानाने स्वस्त असा कॅनन फाइव्हडी आला, २००७ मध्ये निकॉन डी३. आणि 'फुल फ्रेम' हा शब्द दुकानादुकानांत पोचला.

म्हणजे बघा, हे 'फुल' म्हणजे निव्वळ तुलना. एडिसनच्या प्रयोगशाळेतली कात्री, एका माणसाचा दमा आणि लोकांच्या कपाटातल्या जुन्या लेन्स, या तिघांनी मिळून आपलं माप ठरवलं.

घाटावर प्रत्यक्षात काय फरक पडतो?

इतिहास अपघाती असला तरी फायदा खरा आहे. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौ. मिमी, लहान सेन्सरचं सुमारे ३६७. म्हणजे जवळजवळ २.३५ पट. शटर आणि छिद्र तेच ठेवलं तर तितकाच जास्त प्रकाश गोळा होतो. फोटॉन मोजण्यातला नॉइज वर्गमुळाच्या नियमाने चालतो, त्यामुळे सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर साधारण दीडपट सुधारतं. डिसेंबरात सकाळी साडेसहाला, पाण्यावर धुकं असताना, हा दीडपट स्पष्ट जाणवतो. काठच्या सावलीतला काळपट हिरवा आणि पाण्याचा काळा रंग वेगळे काढता येतात.

दुसरी बाजूही ऐका. समोरचा काठ ५० मीटरवर धरा. ५० ची लेन्स, ३६ मिमीचा सेन्सर, म्हणजे चौकटीत ३६ मीटर रुंदी मावते. त्यावर सुमारे ६,००० पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला ६ मिमी. तितक्याच पिक्सेलचा लहान सेन्सर त्याच लेन्सने २४ मीटर दाखवेल आणि एका पिक्सेलला ४ मिमी देईल. तपशील हवा असेल तर इथे लहान सेन्सर पुढे! मला रुंदी हवी होती म्हणून मी मोठा वापरतो. तुमच्या प्रश्नाला काय हवं, ते तुम्ही ठरवायचं.

आणखी एक गोष्ट. २४ मेगापिक्सेलमधले निम्मे पिक्सेल फक्त हिरवा प्रकाश मोजतात, एक चतुर्थांश लाल आणि एक चतुर्थांश निळा. ही रचना कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. बाकीचे रंग शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे रंगीत फोटोतले दोन तृतीयांश आकडे मोजलेले नसून काढलेले असतात. माझं सगळं वर्गीकरण हिरव्यावर उभं असल्यामुळे मला हे थीसिसमध्ये लिहावंच लागतं.

म्हणून काही सवयी लावून घ्या. फोटो रॉमध्येच घ्या. १४ बिटांत प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये फक्त २५६. दर वेळी पहिल्या फोटोत करड्या रंगाचं कार्ड धरा, नाहीतर मार्चचा हिरवा आणि ऑगस्टचा हिरवा यांची तुलनाच होत नाही. सेन्सरवर धूळ बसली की प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग येतो. त्यासाठी एकसारख्या उजेडातल्या पांढऱ्या पृष्ठभागाचा फोटो घेऊन ठेवा. खगोलशास्त्रज्ञ याला फ्लॅट फील्ड म्हणतात. दुर्बिणीला लागू पडणारा नियम घाटावरच्या कॅमेऱ्यालाही लागू पडतो.

आणि हो, कंपन्यांचा ओढा आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे आहे, त्यामुळे चांगले डीएसएलआर सेकंडहँड बाजारात परवडणाऱ्या दरात मिळतात. विभागाकडे असेल तर तेवढेही पैसे घालू नका.

फाइलमध्ये काय लिहिलं जात नाही

कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत बरीच माहिती साठवतो. तारीख, वेळ, शटर, छिद्र, लेन्स. पण मी ट्रायपॉड कुठे लावावा हे मला घाटावर रोज येणाऱ्या एका आजींनी सांगितलं. "बाळा, तिथं नको लावू, जूनला पाणी पायरीवर येतं. वर ये, हितं," असं म्हणाल्या, आणि वरच्या पायरीवरची जागा दाखवली. त्यामुळेच पावसाळ्यातले महिने माझ्या मालिकेतून गळले नाहीत. फाइल उघडली तर आजी त्यात कुठेच नाहीत.

दापोडीच्या त्या चित्रांचंही असंच झालं. गिब्सन यांचं नाव राहिलं, उद्यानाचं राहिलं, चित्रं एडिंबरोत जपली गेली. ती काढणारा हात मात्र निनावी आहे. पोर्तुगीज-भारतीय चित्रकार, एवढीच त्याची ओळख उरली. दीडशेहून अधिक पानांवर प्रत्येक पाकळी नीट रंगवणाऱ्या माणसाचं नाव लिहायला एक ओळ पुरली असती.

तेव्हा कॅमेरा घ्या किंवा उसना आणा, फुल फ्रेम असो वा लहान. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. उपकरणाची मापं लिहा, ती कुठून आली ते लिहा, आणि ट्रायपॉड कुणी धरला, जागा कुणी दाखवली, फोटोत दिसणाऱ्यांना विचारलं होतं का, हेही लिहा. नाव द्यायचं की नाही हे त्या माणसाला विचारून ठरवा, पण नोंद कराच. कॅमेरा ती आपोआप करत नाही.

पुढच्या लेखात रॉ फाइलमधून हिरवा रंग वेगळा कसा काढायचा ते पाहू. तोपर्यंत प्रश्न असतील तर जरूर विचारा.