मेहताची पोर

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण तसं क्षुल्लक आहे, पुण्याच्या फ्लॅटमधली ओल. हे गेल्यापासून मी ठाण्याला लेकीकडे असते आणि पुण्याची जागा भाड्याने दिलेली आहे. ती बघायला एक एजंट नेमला आहे. भाडेकरू आणणं, करारनामा नोंदवणं, नळ-दिवे बघणं ही त्याची कामं. पैकी पहिली दोन तो चोख करतो. तिसऱ्याच्या नावाने आनंद! न्हाणीघराची भिंत जूनपासून ओली आहे आणि भाडेकरूची बिचारी बायको मला फोटो पाठवून पाठवून थकली. "आई, त्याला काढून टाक," असं लेक रोज म्हणते. मीही ठरवलं होतं, आणि त्याला काय काय सुनवायचं ते मनाशी जुळवत बसले होते. "इमारतीकडे अक्षम्य दुर्लक्ष" हे शब्द आपसूक मनात आले आणि मी थबकले. हे शब्द माझे नव्हते. ते मी १९६८ साली आमच्या घरी आलेल्या एका पत्रात वाचले होते.

नातेवाईकांपैकी जुन्या मंडळींना ठाऊक आहे, नव्यांना नसेल. आमचे अण्णा गिरगावातल्या एका चाळीचे मेहता होते. मेहता म्हणजे मालकाच्या वतीने भाडं वसूल करणारा, चाळीची देखरेख करणारा माणूस. मालक राहायचे मलबार हिलला. चाळीत ते वर्षातून एकदा, गणपतीत यायचे. चौसष्ट खोल्यांना मालक म्हणजे अण्णाच.

दर महिन्याला पावत्या मी लिहीत असे, अक्षर चांगलं म्हणून. त्यामुळे प्रत्येक खोलीचं भाडं मला पाढ्यांसारखं पाठ होतं. आमच्या मजल्यावर सात रुपये चौदा आणे. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले तेव्हा मी दहा वर्षांची होते. चौदा आण्यांचे हिशेबाने साडेसत्त्याऐंशी पैसे होतात, पण सरकारी तक्त्यात सत्त्याऐंशी दिलेले. म्हणजे मालकाला खोलीमागे अर्धा पैसा खोट! माझ्या लहानपणापासून लग्नापर्यंत भाड्याच्या आकड्यात झालेला बदल एवढाच.

असं का, हे त्या वयात कधी विचारलं नाही. पुढे शाळेत इतिहास शिकवताना थोडं वाचलं, निवृत्तीनंतर जास्त.

मुंबईत भाड्याच्या खोलीचं दुखणं फार जुनं. १८९६ साली मांडवीत प्लेगचा पहिला रोगी डॉ. व्हिएगस यांनी ओळखला आणि मग सरकारला कामगारांच्या अंधाऱ्या खोल्या दिसू लागल्या. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते केले. बीआयटी चाळीही बांधल्या (परळच्या अशाच एका चाळीत डॉ. आंबेडकरांचं कुटुंब राहत असे), पण पाडलेल्या घरांच्या मानाने नव्या खोल्या कमीच पडल्या. १९२० नंतर गव्हर्नर लॉइडच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत केला. प्रत्यक्षात झाल्या सोळा हजारांच्या आसपास, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला, आणि त्यांतल्याही कित्येक सुरुवातीला रिकाम्या पडून होत्या. या बीडीडी चाळी. एवढे सरकारी खटाटोप झाले तरी बहुसंख्य मुंबईकर खासगी चाळीतच राहिला आणि त्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे मेहता.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आलं. दुसऱ्या युद्धात पुन्हा आलं आणि या वेळी ते गेलंच नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं ठरवलं. कायदा होता तात्पुरता, पण मुदत संपत आली की वाढवली जायची. त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता. फाळणीनंतर शहर माणसांनी फुगलेलं, घरमालक मोकाट सोडले असते तर आमच्यासारखे शेकडो संसार रस्त्यावर आले असते. मी स्वतः त्या कायद्याच्या सावलीत वाढले, तेव्हा त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

पण दुरुस्ती करायची मालकाने आणि भाडं १९४० चं. पालिकेचा कर वाढला तर तेवढा भाडेकरूंवर टाकता येई, पण नेहमीची डागडुजी त्या सात रुपये चौदा आण्यांतूनच व्हायची. आमच्या चाळीची महिन्याची वसुली पाचशेच्या आत-बाहेर. त्यातून भंगी, पंपाचं वीजबिल, अण्णांचा नव्वद रुपये पगार. कौलं शाकारायला अण्णा दर वैशाखात पैसे मागत आणि मालक "पुढच्या वर्षी बघू" म्हणत.

वसुलीचंही तसंच. सहा महिन्यांची थकबाकी झाली आणि नोटीस देऊनही महिन्याभरात ती भरली नाही, तर भाडेकरूला घालवता येत असे. अण्णा पाचव्या महिन्यात त्या बिऱ्हाडाच्या दारात जाऊन बसत आणि काही करून एका महिन्याचं भाडं वसूल करून आणत. छापखाना बंद पडलेल्या आमच्या शेजाऱ्यांचं तर एकदा त्यांनी स्वतःच भरलं. आई तेव्हा दोन दिवस बोलली नव्हती. मालकाच्या वहीत मात्र "पाच महिने थकीत" हेच वर्षानुवर्षं दिसायचं. वसुली असमाधानकारक होतीच की!

इथपर्यंत लिहिलं आणि थांबायचा मोह झाला. वडील बिचारे सज्जन, कायदा वाईट, मालक चिकट. पण ते खरं होणार नाही. भाऊ हे वाचेल आणि रागावेल, तरी लिहिते.

मालकाला त्या चाळीतून मिळत काय होतं? पागडी. खोली रिकामी झाली की नवा भाडेकरू रोख रक्कम मोजायचा, बिनपावतीची. १९४७ च्या कायद्याने तो गुन्हा होता. १९६४ साली आमच्या मजल्यावरची एक खोली दोन हजारांना गेली. सात रुपये सत्त्याऐंशी पैशांच्या हिशेबाने ते एकवीस वर्षांचं भाडं झालं. ही रक्कम पिशवीतून मलबार हिलला नेणारे अण्णाच होते आणि त्यातले काही पैसे रीतीप्रमाणे त्यांच्याकडे राहत. त्या वर्षीची माझी कॉलेजची फी वेळेवर भरली गेली. मी विचारलं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला कळत नव्हतं असं नाही.

म्हणजे असं की कौलं शाकारून अण्णांना काही मिळत नव्हतं, मालकालाही नाही. मिळायचं ते खोली बदलली की. मग गळक्या छताकडे कोण बघणार? वैशाखात पैसे मागणं हळूहळू नुसता रिवाज झाला होता. "मागितले होते" म्हणता यावं एवढ्यापुरता.

१९६८ च्या पावसात मागच्या अंगाची गॅलरी खचली. कोणी दगावलं नाही, पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा पाय कायमचा अधू झाला. पंधरा दिवसांत ते पत्र आलं. बावीस वर्षांची नोकरी चार ओळींत संपली. चाळकऱ्यांनीही अण्णांनाच दोष दिला. मी वर्षभरापूर्वी शिक्षिका झाले होते म्हणून चूल पेटती राहिली. अण्णा शेवटपर्यंत काकूंच्या दारावरून जायचं टाळत, जिन्याला वळसा घालून जात.

पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, सरकारने उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त करायचा कायदा केला. १९७१ पासून दुरुस्ती मंडळ काम करू लागलं. त्याच्या यादीत १९,६४२ इमारती होत्या. एवढ्या इमारतींचे सगळेच्या सगळे मेहता कामचुकार होते असं मानायला माझं शिक्षकाचं मन तयार होत नाही. अख्खा वर्ग नापास झाला तर पेपर बघावा लागतो. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गोठवलेलं भाडं अवाजवी ठरलं आहे असं म्हटलं. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला, वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली आणि गंमत म्हणजे पागडी कायदेशीर झाली.

अकरा महिन्यांचा करार आपण करतो ना, त्यामागेही हीच भीती आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लायसन्सवर राहत होते त्यांना एका दुरुस्तीने भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालकांनी तो धसका पिढ्यान्‌पिढ्या जपला. त्यापायी माझा भाडेकरू दर वर्षाला सामान बांधतो.

असो. एजंटला काल फोन केला. सुनवायचं सगळं बाजूला ठेवून विचारलं, "अरे, माझ्या जागेतून तुला सुटतं किती आणि कधी?" तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "मॅडम, नवीन ॲग्रीमेंटला. मधे काही नाही. चाळीसेक फ्लॅट आहेत माझ्याकडे." मला हसू आलं आणि थोडं रडूही.

दरमहा ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलंय, दुरुस्तीचं बिल वेगळं, आणि भाडेकरू बदलल्यावर मिळणारं कमिशन निम्मं. तो विचार करून सांगतो म्हणाला. लेक म्हणते, मी फसले. असेनही. प्लंबर शनिवारी येणार आहे, तोवर भाडेकरूच्या बायकोला मीच फोन करून ठेवलाय.